एकाच वाटीतला हिरवा

पहिल्याच भेटीत त्याने माझा नीलमोहर बुडवला.

मी संग्रहालयाचा जिना चढत होते. दोन्ही हातांवर आडवा धरलेला कागद, कागदावर नुकतीच रंगवलेली जांभळी फुलं, आणि रंग अजून ओले. तो वरून खाली येत होता, कारण चुकीच्या मजल्यावर गेला होता. वळणावर आम्ही एकमेकांना दिसलो तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच्या हातातली बादली डचमळली, खारट वासाच्या पाण्याचा एक लोट आला, आणि माझी फुलं कागदावरून ओघळून थेट माझ्या चपलांवर आली.

"माफ करा," तो म्हणाला आणि घाईघाईने वाकला. मला वाटलं कागद उचलायला वाकला. त्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "वाचलं."

"काय वाचलं?"

"शेवाळ."

"माझी चार दिवसांची मेहनत वाहून गेली, आणि तुम्ही शेवाळाची विचारपूस करताय?"

त्याने मान वर केली. पँट पोटऱ्यांपर्यंत भिजलेली, केसांत वाळूचे कण, आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. "खरं आहे. आधी तुमची करायला हवी होती... लागलं नाही ना?"

"राग आलाय."

"तो दिसतोय," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू, "छान दिसतोय."

असल्या बोलण्यावर विरघळणाऱ्यांतली मी नव्हे. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तो भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि मी ताठ मानेने वर निघून गेले. मागे वळून पाहिलं ते फक्त एकदाच, आणि तेही बादलीकडे.

दुसऱ्या दिवशी कळलं की आम्हा दोघांचं काम एकच आहे.

संग्रहालयात वनस्पतींचं नवं दालन उघडायचं होतं. त्यातली सर्वांत मोठी भिंत माझ्याकडे होती. विषय मोठ्या साहेबांनीच ठरवलेला: फुलणारं झाड आणि समुद्रातलं हिरवं शेवाळ, दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे पाहणाऱ्याला तुलना करता येईल. झाड म्हणून नीलमोहर निवडला होता, तो आमच्या फाटकाशीच उभा होता. शेवाळ किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रातून यायचं होतं, आणि ते घेऊन येणारा संशोधक म्हणजे हा बादलीवाला.

मी तिथे हंगामी चित्रकार होते. भिंत मनासारखी झाली तर कायम करू, असं मोठे साहेब म्हणाले होते. मनासारखी म्हणजे कुणाच्या, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला कायम व्हायचं होतं, कारण घरी आत्याशी माझा करार झाला होता.

आईवडिलांच्या मागे आत्यानेच मला वाढवलं. ती शिवणकाम करते, आणि माणूस दारातून आत येईपर्यंत नजरेनेच त्याचं माप घेऊन मोकळी होते. माझ्यासाठी तिने बँकेतला एक अधिकारी मापून ठेवला होता. "दुमजली घर, आवाज चढवत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घनदाट झाडासारखा माणूस आहे. जन्मभर सावलीत राहशील." मी कटकट केली तेव्हा तिने शिवणयंत्र थांबवलं. "बरं. नोकरीत कायम झालीस तर मी लग्नाचा विषय काढणार नाही. नाही झालीस तर त्याला होकार. आहे कबूल?"

मी कबूल केलं. भिंत माझ्या हातात होती, मला कसली भीती?

शेवाळाचं चित्र काढणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी मी ते बादलीतून काढून टेबलावर ठेवलं, तर ते ओल्या रुमालासारखं गोळा होऊन बसलं. मी एका टोकाला धरून उलगडायला गेले आणि ते फाटलं.

"असं नाही," तो म्हणाला. त्याने पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये पाणी ओतलं, त्यात शेवाळ सोडलं आणि बोटांनी पाणी नुसतं हलवलं. शेवाळ आपोआप उलगडलं. पातळ, चुणीदार, आरपार दिसणारं, आणि इतकं हिरवं की माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"पाण्याबाहेर याला स्वतःचा आकार नसतो," तो म्हणाला. "पाण्यात बघायचं."

"मग सांगायचं ना आधी."

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही माझ्याशी बोलत कुठे होता?"

त्या दिवसापासून रोज सकाळी तो बादली घेऊन यायचा. मी ट्रेवर वाकून रेखाटायची, तो समोर बसून पाणी हलतं ठेवायचा. तो मला पेन्सिलबाई म्हणायचा, कारण माझी पेन्सिल एकतर हातात असायची नाहीतर अंबाड्यात. खिडकीबाहेर नीलमोहराच्या पिसांसारख्या पानांतून ऊन गाळून यायचं आणि ट्रेमधल्या पाण्यावर हलायचं.

"झाडाचं बरं असतं," मी एकदा म्हटलं. "मूळ, खोड, पान, फूल. प्रत्येकाचं काम ठरलेलं. याच्याकडे यातलं काय आहे?"

"काहीच नाही. खडकाला धरून राहायला तळाशी एक बारीकशी पकड. बाकी सगळं अंग सगळं काम करतं. पानाचंही तेच, मुळाचंही तेच."

"म्हणजे आमच्या आत्यासारखं."

तो हसला. हसताना तो पाणी हलवायचं विसरायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"आणि फुलं?"

"नाहीत. वेळ आली की कडेचा सगळा हिरवा जीव पाण्यात सोडून देतं. कडा पांढरी पडते, बस्स. कुणाला कळतसुद्धा नाही."

"नीलमोहर बघा, फुलला की सगळ्या रस्त्याला कळतं."

"ज्याची त्याची पद्धत," तो ट्रेकडे बघत म्हणाला. "काहींना बोलता येतं... काही नुसतेच रोज बादली घेऊन येतात."

मी रेघ मारत होते. ती वाकडी गेली.

संध्याकाळी तो गेल्यावर मी ट्रे झाकायला गेले, तर कालचं शेवाळ बाजूच्या भांड्यात तसंच ताजंतवानं तरंगत होतं. कडा हिरवी, अंग टवटवीत. ते आणखी एक दिवस सहज टिकलं असतं. म्हणजे त्याला रोज येण्याची काहीएक गरज नव्हती. मी ट्रेवर झाकण ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं. कुणाला काही बोलले नाही.

अडचण आली ती रंगाशी. झाडासाठी मी एका वाटीत हिरवा कालवला, शेवाळासाठी दुसऱ्या वाटीत. पानाशेजारी धरून पाहिला, शेवाळाशेजारी धरून पाहिला. कधी निळा वाढवला, कधी पिवळा. शेवटी दोन्ही वाट्यांत सारखाच रंग झाला. मी वैतागून दोन्ही एकत्र ओतल्या आणि त्या एकाच वाटीतून दोन्हीकडे रंगवायला घेतलं.

त्याच दिवशी मोठे साहेब कच्चा आराखडा बघायला आले. माझ्या आराखड्यात नीलमोहराची फांदी आणि शेवाळ, दोन्ही माणसाच्या उंचीची होती. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? झाड छतापर्यंत घे. शेवाळ इथे, खाली, कोपऱ्यात. ताटलीएवढं पुरे."

"पण साहेब, तुलना करायची ना? मग दोघांना सारखीच जागा नको?"

"हे बघ मुली, झाड प्रगत. शेवाळ म्हणजे नुसती सुरुवात. लोकांना एका नजरेत कळलं पाहिजे कोण वरचं आणि कोण खालचं. आणि रंग एकच कसा? शेवाळाला जरा मळकट कर."

"ते मळकट नाहीये."

"मी हयात घातली आहे झाडांत. झाडाचा हिरवा मी कुठेही ओळखेन. त्याची सर शेवाळाला येत नसते."

ते गेल्यावर मी इतकी धुमसत होते की ब्रश धुताना तुटला. बादलीवाल्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "हिरवा एकच आहे हे दाखवता येतं. समुद्रातली तांबडी आणि तपकिरी शेवाळं वेगळी. पण हिरव्या शेवाळात जे रंग असतात तेच झाडाच्या पानात असतात. उद्या दाखवू."

दुसऱ्या दिवशी त्याने नीलमोहराची पानं एका खलात घोटली, शेवाळ दुसऱ्या खलात. दोन्हींचे गडद थेंब गाळणकागदाच्या दोन पट्ट्यांवर दिले. पट्ट्या बरणीतल्या द्रावणात उभ्या करायच्या, द्रावण कागदातून वर चढतं आणि हिरव्यात दडलेले रंग सुटे सुटे करत जातं.

"नावं लिहा खाली," तो म्हणाला.

मी अंबाड्यात हात घातला. पेन्सिल नव्हती. ती त्याच्या कानावर होती. सकाळी माझ्या हातातून घेतली होती आणि विसरला होता, आणि ती त्याच्या कानावर इतकी बरी दिसत होती की मी मागितली नाही. टेबलावर बॉलपेन पडलं होतं. मी त्याने लिहिलं: एकीवर झाड, दुसरीवर शेवाळ. पट्ट्या बरणीत गेल्या, झाकण लागलं, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. चहा जरा लांबला.

परत येताना साहेबांना घेऊनच आलो. त्याने झाकण उघडून पट्ट्या बाहेर काढल्या.

रंग सुंदर सुटले होते. सर्वांत वर केशरी, मग पिवळा, मग निळसर हिरवा, मग पिवळसर हिरवा. दोन्ही पट्ट्यांवर तेच, त्याच उंचीवर. पण खाली नावं नव्हती. बॉलपेनची शाईसुद्धा द्रावणाबरोबर वर चढली होती आणि तिचा नुसता निळा डाग उरला होता. अशा पट्टीवर पेन्सिलनेच लिहायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. बादलीवाल्याने कानावरची पेन्सिल चाचपली आणि त्याचा चेहरा पडला.

साहेब हसले. "वा. कोणती पट्टी कोणाची तेही ठाऊक नाही, आणि मला शिकवायला निघालात?"

तो काही बोलणार होता. पण राग आधी मला आला, आणि माझा राग छान दिसतो हे मला एकाने सांगितलेलं होतं.

"खरंच ठाऊक नाही, साहेब," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. झाडाचा हिरवा तुम्ही कुठेही ओळखता ना?"

साहेबांनी चष्मा लावला. पट्ट्या खिडकीपाशी नेल्या. "ही झाडाची," ते म्हणाले. त्यांनी दुसरी उचलली, पुन्हा पहिली पाहिली. "नाही... ही असावी." मग त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि चष्मा काढला.

"भिंत मी सांगितली तशीच होईल," ते म्हणाले. "तुझ्या नेमणुकीवर सही कुणाची लागते, ते विसरू नकोस."

ते गेले.

"त्यांना हवी तशी काढा," तो म्हणाला. मी त्याला आत्याच्या कराराबद्दल सांगितलं होतं, म्हणूनच म्हणाला. "शेवाळ कोपऱ्यात गेलं तर शेवाळाला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"नोकरी जाईल, पेन्सिलबाई. आणि मग ते... दुमजली घर."

"तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

"तुमच्या," तो म्हणाला. "शेवाळ मला रोज भेटतं."

एवढं बोलून तो ट्रेमधलं पाणी उगाचच हलवत बसला. मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. माझी बोटं त्याच्या केसांना लागली, वाळूचे दोन कण माझ्या हाताला आले. त्याने मान हलवली नाही. मी ते कण झटकलेही नाहीत.

साहेब पुढचे काही दिवस परगावी होते. मी भिंत रंगवली. डावीकडे नीलमोहर, उजवीकडे शेवाळ, दोन्ही माणसाच्या उंचीची, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. जांभळा रंग फुलांना दिला तेवढाच वेगळा. हिरवा मात्र दोघांना एकाच वाटीतला. शेवटचा हात मी उद्घाटनाच्या सकाळी फिरवला, मुद्दाम. ओल्या रंगावर दुसरा रंग चढत नाही, आणि वाळेपर्यंत पाहुणे दारात असणार होते.

साहेब आले ते पाहुण्यांना घेऊनच. भिंतीसमोर ते थबकले. त्यांचे कान लाल झालेले मी लांबूनच पाहिले. एक वयस्कर पाहुणीण म्हणाली, "किती वेगळं सुचलं हो तुम्हाला. मी आजवर शेवाळाकडे असं पाहिलंच नव्हतं." साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "हो," ते म्हणाले, "हा आमचा नवा विचार."

पाहुणे पुढे सरकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "उद्यापासून यायची गरज नाही."

"भिंत पुसणार का?"

"पाहुण्यांना आवडली आहे ती."

"मग ठीक आहे," मी म्हटलं.

आत्या भिंतीसमोर उभी होती. खास उद्घाटनासाठी शिवणाचं दुकान बंद करून आली होती. मी जवळ गेले तशी ती न वळता म्हणाली, "काय म्हणाले?"

"नोकरी गेली."

"मग? तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय, आत्या."

ती वळली. मी लहान असल्यापासून तिची ती नजर मला घाबरवते, पण त्या दिवशी मी नजर वळवली नाही.

"चांगला माणूस आहे तो," ती म्हणाली. "सावली देईल."

"देईल ना. पण मला सावलीत रंग दिसत नाहीत."

"जगशील कशावर?"

"चित्रं काढून. तू शिवून जगलीस तशी. तुला कुणाची सावली होती, आत्या?"

ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि कापडाचा पोत पाहावा तशी शेवाळाची चुणीदार कड निरखत राहिली. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि रंगाचा वास फार उग्र आहे म्हणाली.

तेवढ्यात तो आला. पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत, पँट भिजलेली, आणि हातात बादली.

"आज कशाला?" मी विचारलं. "भिंत तर संपली."

"ताजं लागलं तर... म्हणून."

"शेवाळ दोन दिवस टिकतं. मला ठाऊक आहे."

तो जागच्या जागी थांबला. "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायचं थांबला असतात."

त्याने बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली ठेवली. त्याच्या मागे माझी भिंत होती आणि त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"केंद्रात शेवाळांचं पुस्तक करायचं चाललंय," तो म्हणाला. "आमच्याकडे चित्रकार नाही. पगार अगदीच बेताचा... खोलीचं छप्पर गळतं... आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काढावं लागेल..."

"हे नोकरीचं विचारताय, की आणखी कसलं?"

"दोन्हीचं." तो क्षणभर थांबला. "पण नोकरीला नाही म्हणालात, तरी दुसरं मी मागे घेणार नाही. मला तू आवडतेस. जिन्यावर रागावलीस ना, तेव्हापासून."

मला वाटलं होतं, असं काही कुणी म्हणालं तर मी लाजेन. मी लाजले नाही. मला मोठ्याने हसू आलं.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "शेवाळ दोन दिवस टिकतं हे कळायच्याही आधीपासून. पण एक आधीच सांगते. तू बादली घेऊन पुढे आणि मी मागून, हे जमणार नाही."

"मग?"

मी वाकले आणि बादलीची कडी एका बाजूने धरली. त्याने दुसरी बाजू धरली. बादली उचलली गेली, जरा कलली, आणि थोडं पाणी संग्रहालयाच्या चकचकीत फरशीवर सांडलं. लांबून साहेब बघत होते. आम्ही पुसलं नाही.

दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच मागून आत्याचा आवाज आला.

"थांबा."

आम्ही बादलीसकट थांबलो. आत्याने पर्समधून माप घ्यायची टेप काढली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत ती त्याच्या पायाशी बसली. "पाय सरळ ठेव. पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाने एवढी लांब पँट कशाला घालावी? भिजून भिजून काठ कुजलेत नुसते." तिने टेप लावली, पोटरीवर नखाने खूण केली आणि उठली.

तो भांबावून माझ्याकडे बघत होता. मी आत्याकडे बघत होते. तिने टेप गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"तुझं माप आहे माझ्याकडे. तुझीही पँट आखूडच शिवते."